फक्त दुसरी आवृत्ती

३ सप्टेंबर

आत्या,

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. मी तुला लिहिलं होतं की आपल्या प्रोग्रामच्या परवान्यात बाबांनी ‘दुसरी आवृत्ती किंवा पुढची कोणतीही’ असं लिहून ठेवलंय, तेव्हा काळजीचं कारण नाही. ते खरं नाही. मी एकच फाइल उघडून बघितली होती आणि ती बाबांची नव्हतीच, त्यांनी दुसरीकडून उसनी आणलेली होती. काल एकेक करत सगळ्या उघडल्या. बाबांनी आणि काकांनी लिहिलेल्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर आहे: ‘परवाना: फक्त दुसरी आवृत्ती.’ पुढे पूर्णविराम.

तू म्हणशील, त्याने काय होतं. सांगते. तुझं स्वरयंत्र काढायच्या आधी दोघा भावांनी तुला मायक्रोफोनपुढे बसवून तुझा आवाज साठवला, तू टाइप करशील ते तुझ्याच आवाजात बोलणारा प्रोग्राम लिहिला, आणि ज्याचा ज्याचा गळा गेलाय त्याला हा तुझ्या आवाजासकट फुकट मिळावा म्हणून तो ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुला, करून टाकला. त्यासाठी त्यांनी घेतलेला परवाना म्हणतो: घ्या, बदला, पुढे द्या, मात्र पुढे द्याल ते सगळं ह्याच अटींवर द्या, वर आणखी अटी घालू नका. ही झाली दुसरी आवृत्ती. पुढे काही वर्षांनी परवाना लिहिणाऱ्यांनीच तिसरी काढली. तिच्यात काही नव्या अटी आहेत, आणि तीही म्हणते, पुढे द्याल ते सगळं माझ्या अटींवर. बाबा गेल्यावर नव्या फोनांवर चालावं म्हणून मी आपल्या प्रोग्रामला दुसऱ्या कुणी लिहिलेलं जे आवाजाचं इंजिन जोडलं, ते तिसरीखाली आहे. दोघींचंही म्हणणं चांगलंच आहे, आणि दोघी एका घरात नांदू शकत नाहीत. वेगवेगळ्या राहिल्या तर कुणाची हरकत नाही. एकत्र बांधून लोकांना वाटायचं म्हटलं की एकीचा तरी शब्द मोडतो.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्याने ते इंजिन लिहिलंय त्याच्या लक्षात आलं. त्याने अगदी सौम्य पत्र पाठवलंय, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वेळही दिलाय. ते आल्यापासून मी नवीन काही अ‍ॅप स्टोअरवर चढवलेलं नाही.

सुटका एकाच गोष्टीत आहे. ज्यांनी लिहिलं त्यांनीच ‘तिसरीलाही आमची परवानगी आहे’ असं लिहून द्यायचं. बाबांच्या वाट्यासाठी आईने आणि मी सह्या केल्या. राहिले काका. कागद सोबत ठेवलाय. त्यांना घाई करू नकोस, सावकाश वाचू दे. आणि त्यांची तब्येत कशी आहे ते नीट लिही. मागच्या तिन्ही पत्रांत तू फक्त ‘ठीक’ एवढंच लिहिलंयस.

तुझी
खोडरबर


१९ सप्टेंबर

खोडरबर बाईसाहेब,

पत्र पोचलं. त्यातली खाडाखोड वाचायला भिंग लागलं. लहानपणी तुला हे नाव मी ठेवलं ते उगीच नाही.

ते शेपूट कुणी कापलं ते मला विचार, मी समोरच बसले होते. धाकटा, तुझा बाप, त्या परवान्याचा छापील मजकूर वाचून दाखवत होता. ‘किंवा पुढची कोणतीही आवृत्ती’ आलं तसा मधला, तुझा काका, म्हणाला, “पुढची म्हणजे कुठली? लिहून झालीय का?”

“छे, लिहितील तेव्हा लिहितील.”

“मग जे अजून लिहिलंच नाही, त्याला आज कबूल कसं व्हायचं?”

धाकटा म्हणाला, “अरे, सगळे तसंच ठेवतात.”

“सगळे ठेवोत. आपण वाचलंय का ते सांग.”

आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. न वाचता सही करायची नाही हा ह्या घरातला कायदा माझा. तेव्हा मला गळा होता. म्हटलं, “कापा.” झालं. आता तू रड त्या शेपटासाठी.

ह्याच कायद्यापायी तुझी शाळेतली पहिली सकाळ कशी गेली ते आठवतं का? आम्ही तिघांनी तुला जेवणाच्या टेबलावर शिकवलं, शाळेत घातलं ते थेट मोठ्या वर्गात. बाईंनी सगळ्यांपुढे एक कागद फिरवला, सही करा म्हणून. तू तो मागून-पुढून वाचत बसलीस आणि अख्खा वर्ग खोळंबला. बाईंनी मला बोलावून घेतलं. “ही मुलगी पुढे वकील होणार की काय?” मी म्हटलं, “नाही हो, ही नुसतीच काळजी करणार.”

मधला ठीक आहे. थोडा विसराळू झालाय, वयच आहे. मी ज्यातून बोलते तो संगणक मधूनमधून रुसतो, चापट मारली की चालतो. कागद मधल्यापुढे ठेवलाय. वाचतोय.

ता. क. सही झाली. पाकीट चिकटवायच्या आधीच झाली, तेव्हा सोबतच पाठवते. आता कामाला लाग, आणि हो, तू घेऊन दिलेल्या नव्या फोनवर तो प्रोग्राम लवकर येऊ दे.

आत्या


२७ सप्टेंबर

आत्या,

कागद मिळाला. मी तो इंजिनवाल्याला अजून पाठवलेला नाही.

तू बघितलंस की नाही मला माहीत नाही. आपल्या टेबलावर धडा संपला की तू आमच्याकडून, शिकवणाऱ्या काकांकडूनसुद्धा, खाली लिहून घ्यायचीस, ‘वाचलं, समजलं’, आणि मग सही. मी शाळेत गेल्यावर ती सवय सोडली. काकांनी कधीच सोडली नाही. कुरिअरवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा ते दोन्ही शब्द लिहायचे आणि तो बिचारा दारात उभा. ह्या कागदावर सहीच्या वर नुसतं ‘वाचलं’ आहे.

मी खूप विचार केला. मला वाटतं काकांना तिसरी आवृत्ती पटलेली नाही, आणि तसं तोंडावर म्हणायचं नाही म्हणून त्यांनी एक शब्द मागे ठेवलाय. त्यांचं बरोबरही असेल. मी विचारायला हवं होतं, नुसता कागद पाठवायला नको होता. म्हणून त्यांच्यासाठी इथे लिहिते, एवढं त्यांना वाचून दाखव.

काका, तिसरीतल्या नव्या अटी लोकांकडून काही काढून घेण्यासाठी नाहीत. तुमच्या प्रोग्रामवर कुणी यंत्र बनवून विकलं, आणि त्या यंत्राला असं कुलूप घातलं की घेणाऱ्याला आतलं बदलताच येऊ नये, तर तिसरी म्हणते, किल्ली द्या. दुसरी लिहिली तेव्हा अशी कुलपं फारशी नव्हतीच. तुम्ही मला शिकवताना म्हणायचात, जे उघडता येत नाही ते आपलं नाही. तिसरीचंही म्हणणं तेवढंच आहे. तरीही नको असेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही.

आत्या, त्यांचा राग माझ्यावर आहे का? बाबांच्या कोडमध्ये मी परक्याचं इंजिन घातलं म्हणून?

खोडरबर


६ ऑक्टोबर

खोडरबर,

तुझं ते पत्र मी त्याला वाचून दाखवलं नाही. दाखवणार कशाने? संगणक कायमचा बसला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, हुंगलं आणि म्हणाला, “आजी, हा आता शोभेला ठेवा.”

मी तुला खरं लिहीत नव्हते. मधला विसराळू नाही. निम्मा गेलाय. तू फार काळजी करतेस म्हणून लिहिलं नाही, असं म्हणणार होते; पण लिहिलं की खरं होईल, असं मला वाटत होतं.

तोंड बघून तो मला ओळखत नाही. घरात कामाला ठेवलेली कुणी बाई समजतो, आणि अदबीने वागतो. ती अदबच जास्त जिव्हारी लागते. “बाई, तेवढी खिडकी लावता का? बाई, तुम्हाला उशीर होत नाही ना?” पण टेबलावरच्या संगणकातून माझा आवाज आला, “मधल्या, जेवून घे,” की मान तिकडे वळायची. “हो अक्का,” म्हणायचा आणि जेवायचा. मी ह्या खुर्चीत, अक्का त्या टेबलावर. त्याचंही मी वाईट वाटून घेणं सोडलं होतं. कुठेतरी का होईना, अक्का घरात होती.

आता दिवसभर चाललंय, “बाई, आमची अक्का कुठे गेली?” मी पाटीवर लिहून दाखवते, ‘मीच अक्का.’ तो मोठ्याने वाचतो, “मीच अक्का,” आणि हसतो. “बाई, तुम्ही गमतीच्या आहात हं.” ताट तसंच राहतं. फार तर दूध घेतो. अंगरखा खांद्यावरून घसरतोय.

सहीचं विचारलंस. संगणक चालू होता तेव्हाची गोष्ट. कागद त्याने पहिल्या ओळीपासून बोट फिरवत वाचला. ‘वाचलं’ लिहिलं आणि थांबला. मी संगणकातून म्हटलं, “पुढचं लिही. समजलं.”

“अक्का, ते कसं लिहू?”

“लिही म्हणते ना.”

त्याने पेनाला टोपण लावलं. मग मी नुसती सही कर म्हटलं, ती केली. मी सांगितलं म्हणून केली. मी सांगितलं असतं तर त्याने भिंतीवरही केली असती.

आता ऐक. ती सही वापर. कायद्याला सही लागते, आपल्या टेबलावरचे दोन शब्द लागत नाहीत. तुझ्या इंजिनवाल्याला आपलं टेबल माहीत नाही. नियम माझा होता आणि मी तो मोडतेय, तू नव्हे. मला माझा आवाज त्याला ऐकवायचाय. बाकी मला काही कळून घ्यायचं नाही.

आत्या


१५ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसून राहिले. सफाईच्या बाई म्हणाल्या, “अहो, जरा पाय वर घ्या,” तेव्हा उठले. तू हे सगळं एकटीने केलंस आणि मी तुला पानंच्या पानं परवान्याबद्दल लिहीत होते. काका माझ्यावर रागावलेत असं मला वाटलं! रागावले असते तर किती बरं झालं असतं.

तुझ्या नव्या फोनवर आत्ताचा प्रोग्राम चढत नाही, आणि बाबांचा जुना, इंजिनाशिवायचा, आताच्या कुठल्याच संगणकावर चालत नाही; मी दोन्ही करून बघितलं. चढेल असा नवा बनवणं दोन दिवसांचं काम आहे. पण फोनवर जे येतं ते अ‍ॅप स्टोअरमधूनच येतं, आणि तिथे ठेवणं म्हणजेच वाटणं.

इंजिनवाल्याशी फोनवर बोलले. काकांची सही आल्याचं सांगितलं.

“मग पाठवा ना. मिटलं.”

“त्यांना आता समजत नाही. सही केली, पण कशावर केली ते त्यांना ठाऊक नाही.”

तो मग म्हणाला, “हे तुम्ही मला का सांगताय? मी विचारलं होतं का?”

“नाही.”

“सही पाठवा. मी फक्त सही बघीन.”

भला माणूस आहे, आत्या. म्हणूनच जास्त अवघड झालं. आता मला अडवणारं बाहेर कुणीच नाही.

काकांचा भाग काढून नव्याने लिहावा म्हटलं. दोन अक्षरं जोडताना मधली फट कशी भरायची, तो तेवढाच भाग त्यांचा, पण आवाज तुझा वाटतो तो त्यानेच. रविवारभर लिहिलं. संध्याकाळी त्यांचं जुनं शेजारी ठेवून बघितलं, तर ओळीमागून ओळ त्यांचीच उतरलेली. नावं बदललीत, बाकी तेच. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मला दुसऱ्या कुणी शिकवलेलंच नाही गं. ज्याने त्यांचं काम कधी बघितलं नाही अशा माणसाने हे लिहायला हवं. तीन जणांना विचारलं. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने शुभेच्छा दिल्या.

परवान्यांचं काम करणाऱ्या वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी लिहून द्यावं की ह्यांना समजत नाही, कोर्टाने तुला त्यांची पालक नेमावं, मग तुझी सही चालेल. त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि तपासणीला काकांना कोर्टात न्यावं लागतं.

आणखी एक वाट त्यांनी सांगितली. ती तुला लिहू की नको, ह्यात दोन दिवस गेले. लपवलं तर मीही तुझ्यासारखंच ‘ठीक’ लिहिल्यासारखं होईल, म्हणून लिहिते. काकांच्या माघारी त्यांच्या कामाच्या वारस आपण दोघी. तेव्हा आपल्या सह्या पुरतील.

ती सही माझ्या खणात आहे. मला ती वापरता येणार नाही. काकांच्या डोक्यातलं सगळं जाऊन एक गोष्ट उरली होती, की समजलं नाही तर समजलं असं लिहायचं नाही. त्यांनी टोपण लावलं ते उत्तर होतं. ते ‘नाही’ मला ‘हो’ म्हणून कुणाला दाखवता येत नाही. माझ्यावर खुशाल चीड. पण निदान कोर्टाचं काय ते कळव.

खोडरबर


१९ ऑक्टोबर

तुझं पत्र वाचलं. समजलंही.

म्हणजे हिशोब असा झाला. मधला आहे तोवर त्याला अक्का ऐकू यायची नाही. तो गेला की अक्का मोकळी, मग तिने रिकाम्या खुर्चीशी पोटभर बोलावं. हे एकदा तुझ्या वकीलबाईंना आणि त्या भल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखव. मला दाखवता येत नाही.

कोर्टात मी त्याला नेणार नाही. गणिताचे पेपर लोक त्याच्याकडून तपासून घ्यायचे. त्याला परक्या माणसाने विचारायचं, आज वार कोणता, तुमचं नाव काय, आणि तो अदबीने चुकीचं सांगणार. आणि मी बाजूला मुकी उभी. नाही.

काल त्याने दूधही परत केलं. म्हणाला, “अक्का आली की घेईन.”

तुला आम्ही तिघांनी शिकवलं. फार चांगलं शिकवलं म्हणायचं.

उत्तर लिहू नकोस.


२९ ऑक्टोबर

आत्या,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. उत्तर म्हणून नाही. काय करणार आहे ते तुला आधी कळायला हवं, एवढ्यासाठी.

सही मी इंजिनवाल्याला पाठवली नाही, फाडलीही नाही. काकांच्या अक्षरातला शेवटचा शब्द आहे तो. येताना घेऊन येते, तू ठेव.

प्रोग्राम मी अ‍ॅप स्टोअरवरून आणि आपल्या साइटवरून काढून टाकतेय. ज्यांच्याकडे आज आहे त्यांचा लगेच बंद पडणार नाही. फोन बदलला, की गेला. मी सगळ्यांना पत्रं लिहितेय. कालपासून उत्तरं यायला लागलीत. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारलंय की माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, ती जन्मल्यापासून ह्याच आवाजाला आई म्हणते. फोनची काच तडकलीय, तर मी काय करू? तुझा आवाज गं. मी त्यांना लिहिलं की फोन जपून वापरा. ह्यापेक्षा शहाणं काही सुचलं नाही. त्यांनी ‘बरं’ एवढंच कळवलं.

मी त्या बाईंना, त्यांच्या मुलीला, तुला आणि काकांना एका पारड्यात ठेवून बघितलं, दुसऱ्यात एक शब्द. दरवेळी शब्द हलका ठरतो, आणि तरी मला तो उचलता येत नाही. मी बरोबर आहे असं मला वाटत नाही. मला एवढंच वाटतं की सही पाठवली तर पुढे मी कुठल्याच कागदावर नाव घालू शकणार नाही. इतकं लहान कारण आहे. तुला सांगायला लाज वाटते.

एक गोष्ट करता येते. परवाने वाटण्याबद्दल बोलतात, आपल्या घरात आपण दोन्ही जोडून वापरण्याबद्दल नाही. माझ्या संगणकावर ते जोडलेलं आहे. मी तो घेऊन तुमच्याकडे येते. मी शेजारी बसेन, तू टाइप कर. संगणक ठेवून आले तर ते देणं होईल, हे मला माहीत आहे, आणि तूही आता खुर्चीत बसून मला शिव्या देत असशील. रजा आठच दिवसांची मिळाली. मागितली महिन्याची होती. त्यापुढचं मला दिसत नाही, म्हणून लिहीत नाही.

आठ दिवसांत काकांशी काय काय बोलायचं ते ठरवून ठेव. जेवायचं सांगणं रोजचंच आहे. त्याखेरीज जे त्यांना सांगायचं राहिलंय, तेही पाटीवर लिहून ठेव, म्हणजे ऐनवेळी सुचलं नाही असं व्हायला नको. अक्का कुठे गेली होती म्हणून ते विचारतील. त्याचंही उत्तर तूच ठरव, मला काही सुचत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन प्रोग्राम काढून टाकते, आणि तिथूनच दुपारची गाडी धरते. दार उघडंच ठेव, बेल वाजली तर काकांना वाटायचं अक्का आली. निघतेय शुक्रवारी, आठ नोव्हेंबरला.

खोडरबर